आपल्यात कोणी पीत नाही म्हणे

माझे मामू काविळीनं गेले. निदान मय्यतीला आलेल्या प्रत्येकाला तसंच सांगण्यात आलं. वय चव्वेचाळीस. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे, शेवटच्या दोन दिवसांत रक्ताच्या उलट्या. दवाखान्याच्या कागदावर 'सिरॉसिस' आणि 'अल्कोहोल' हे दोन्ही शब्द होते, पण तो कागद मोठ्या मामूंनी घरी आल्याबरोबर कपाटात ठेवून कुलूप लावलं. कब्रस्तानातून परतताना एक बुजुर्ग अब्बांना म्हणाले, "अच्छा आदमी था. काविळ बहुत बुरी चीज है." याच बुजुर्गांनी मामूंना दोनदा रिक्षात घालून घरी आणून सोडलं होतं.

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं रागानं लिहिलेलं आहे आणि तो राग कुठून येतो हे तुम्हाला कळलेलं बरं.

मामू जाण्याच्या तीन वर्षं आधी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी त्यांना एक चिठ्ठी दिली होती. त्यावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगचा पत्ता होता. मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी सात, चर्चच्या मागचा हॉल. मामूंनी ती चिठ्ठी आठवडाभर शर्टाच्या खिशात जपून ठेवली. कपडे धुताना ती मामीच्या हाताला लागली, मामीकडून नानांकडे गेली. नाना ओरडले, "चर्चमें जाके तौबा करनेका क्या?" आणि चिठ्ठी फाडली. त्यानंतर घरानं आपले उपाय केले. ताबीज झालं, दर्ग्याला चादर झाली, शेवटी कुराणशरीफवर हात ठेवून कसम घ्यायला लावली. मामूंनी ती अकरा दिवस पाळली. बाराव्या दिवशी ते प्याले, आणि आता त्यांच्या डोक्यावर दारूच्या जोडीला कसम मोडल्याचा गुनाहही बसला. तो विसरण्यासाठी त्यांना आणखी प्यावं लागलं. घरातल्या कोणालाच हे कळलं नाही, मलाही नाही. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मामूंची लाज वाटून मैत्रिणींना घरी आणत नव्हते.

'आपल्यात कोणी पीत नाही.' हे वाक्य आपण इतक्या वेळा बोललो आहोत की ते कलम्यासारखं तोंडात बसलंय. बाहेरच्यांना सांगताना त्यात अभिमान असतो, आणि तो अगदीच खोटा नाही. सरकारी पाहण्यांत मुसलमान पुरुषांत पिणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा कमीच दिसतं. पण कमी म्हणजे शून्य नाही. एम्सच्या व्यसनोपचार केंद्रानं २०१९ साली देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या २.९ कोटींना दारूचं अवलंबित्व आहे, म्हणजे त्यांना ती सोडायची म्हटली तरी सुटत नाही. अशा ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळाले. हे सगळ्या देशाचं. आता ज्या मोहल्ल्यात हा आजार अस्तित्वातच नाही असं ठरलेलं आहे, तिथल्या अडतिसांतल्या त्या एकाचं काय होत असेल, याचा विचार करा. जो नाहीच, तो उपचाराला कसा जाणार?

मला आपल्या समाजाशी भांडायचं आहे ते याच जागी. दारू हराम आहे, यात मला काडीचीही शंका नाही. पण 'हराम' हा शब्द आपण दाराला लावलेल्या कुलपासारखा वापरतो, आणि पिणारा माणूस आत राहतो. दारू हराम आहे, म्हणूनच तर ती सोडवण्याचा प्रत्येक रस्ता आपल्याला सगळ्यांत आधी माहीत असायला हवा होता. घडलंय उलटं. आपल्या शहरात एएची मीटिंग कुठे भरते हे मोहल्ल्यातल्या दहा पोरांना विचारा. देशी दारूचं दुकान किती वाजता बंद होतं हे त्यांतल्या सहा जणांना सांगता येईल.

कुणी म्हणेल, तौबा पुरेशी आहे. मग मदिन्यातला तो किस्सा आठवा. बुखारीत आहे. अब्दुल्लाह नावाचे एक सहाबी होते, लोक त्यांना 'हिमार' म्हणत. ते रसूलुल्लाह यांना हसवत असत. दारूसाठी त्यांना शिक्षा झाली, ते पुन्हा प्याले, पुन्हा आणले गेले. अशाच एका वेळी कुणीतरी त्यांच्यावर लानत पाठवली, की हा कितीदा इथे आणला जातो! तेव्हा लानत पाठवणाऱ्यालाच रोखण्यात आलं, आणि कारण सांगितलं गेलं की या माणसाचं अल्लाह आणि रसूलवर प्रेम आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या मशिदीत पुन्हापुन्हा पिणारा माणूस होता, सगळ्यांना तो ठाऊक होता, त्याला शिक्षाही झाली, आणि तरीही तो जमातीच्या आतच राहिला. आपल्या मशिदीत तो असता तर काविळीनं गेला असता.

मनाईसुद्धा एका रात्रीत आलेली नाही, हे मकतबमध्ये आपण सगळे शिकलो आहोत. आधी सूरह बकरामध्ये सांगितलं गेलं की यात फायद्यापेक्षा गुनाह मोठा आहे. मग सूरह निसामध्ये, नशेत नमाजजवळ जाऊ नका. आणि शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण मनाई. अख्ख्या समाजाला सवय सोडायला टप्पे दिले गेले. आपण मात्र एका आजारी माणसाला एक रात्र देतो, आणि सकाळी तो थरथरत उठला की म्हणतो, याची नियतच नाही.

या थरथरण्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण आपल्यात यानं माणसं मरू शकतात. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला की पहिल्या एकदोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दोनतीन दिवसांनी भास सुरू होऊ शकतात, ताप चढतो, माणूस भरकटतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. आता आपल्याकडे पिणारे लोक एकदम कधी थांबतात? रमजानच्या चाँदरातीला. आमच्या मामूंना एका वर्षी दुसऱ्या रोज्याला फिट आली आणि तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. घरात ठरलं की 'असर' झाला आहे. झाडफूक करणारे आले. दवाखान्यात नेलं ते चौथ्या दिवशी. म्हणून एवढं लक्षात ठेवा: रोज पिणारा माणूस सोडतो म्हणाला, तर आधी डॉक्टर, औषधं देऊन सावकाश उतरवणं, आणि मग मीटिंग. त्या दिवसांत त्याचा रोजा सुटला तर आजाऱ्याला सवलत आहेच.

आणि ज्यांना असं काही होत नाही, ते तीस दिवस कोरडे काढतात आणि ईदच्या संध्याकाळी परत बसतात. 'मी रमजानमध्ये सोडू शकतो, म्हणजे मी बेवडा नाही,' हा युक्तिवाद मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकला आहे. त्या तीस दिवसांत त्यांच्यासोबत घर असतं, मोहल्ला असतो, तरावीह असते, ठरलेला वेळ असतो. ईदनंतर यातलं काय उरतं? माणूस आणि त्याची तलफ. एएची मीटिंग उरलेल्या अकरा महिन्यांसाठी असते, असं म्हटलं तर आपल्या लोकांना ते पटकन कळेल.

आता चर्च. नानांच्या त्या एका प्रश्नानं मामूंचा रस्ता बंद झाला, म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. एएची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात झाली. शेअर बाजारात काम करणारे बिल विल्सन आणि सर्जन असलेले बॉब स्मिथ, दोघेही दारूत बुडालेले. एकमेकांशी बोलत राहिलं तर आजचा दिवस न पिता जातो, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्यावर एका ख्रिस्ती चळवळीचा प्रभाव होता, हे खरंच आहे आणि लपवायचं कारण नाही. पण पुढे बारा पायऱ्या लिहिल्या गेल्या तेव्हा त्यांत ईश्वर 'ज्याला जसा उमगला तसा' असं मुद्दाम ठेवलं गेलं. मीटिंगमध्ये शेवटी उभं राहून एक छोटी प्रार्थना म्हणतात, शांती, धैर्य आणि शहाणपण मागणारी. ती म्हणायची सक्ती नाही. मन धजत नसेल तर गप्प उभे राहा, मनातल्या मनात आपली दुआ करा. कोणी विचारत नाही. चर्चचा हॉल असतो कारण तो संध्याकाळी मोकळा असतो. तसंच महापालिकेच्या शाळेचा वर्गही असतो. आपण कधी मदरशाची खोली देऊ केली आहे का? दिली असती तर मीटिंग तिथेही भरली असती, आणि मग कुण्या हिंदू घरातल्या आजोबांनी चिठ्ठी फाडली असती.

त्या बारा पायऱ्या मी नंतर वाचल्या. माझा स्वतःवर ताबा राहिलेला नाही ही कबुली, वरच्या शक्तीवर भरवसा, स्वतःचा हिशेब, ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी आणि शक्य तिथे भरपाई. हिशेबाला आपण मुहासबा म्हणतो. भरपाईचं तर विचारूच नका. बंद्यांचे हक्क बंद्यांनीच माफ करायचे असतात, हे जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकलंय! मामूंनी मामीची चार तोळ्यांची बांगडी विकली होती. त्याची तौबा अल्लाहकडे करून बांगडी परत येत नव्हती. एएत त्यांना कोणीतरी सांगितलं असतं की महिन्याला पाचशे का होईना, बायकोच्या हातात ठेव.

एक आक्षेप मात्र वजनाचा आहे आणि तो मला एका अभ्यासू मित्राने घेतला. आपला गुनाह चारचौघांत सांगू नये, अल्लाहनं घातलेला पर्दा आपण फाडू नये, अशी शिकवण आहे. मग मीटिंगमध्ये उभं राहून 'मी अमुक, मी दारुडा' असं का म्हणायचं? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, बढाई मारत सांगणं आणि उपचारासाठी सांगणं यांत फरक आहे. डॉक्टरला आपण सांगतोच. शिवाय पर्दा राखायची जी पद्धत एएत आहे, ती आपल्या कुठल्याही बैठकीपेक्षा कडक आहे. संस्थेच्या नावातच 'अनामिक' आहे. पहिलं नाव पुरतं, तेही खरं असलंच पाहिजे असं नाही. रजिस्टर नाही, फी नाही, फॉर्म नाही. टोपली फिरते, जमलं तर दहा रुपये टाकायचे. पर्दा जर कुठे फाटत असेल तर तो मोहल्ल्यातल्या पानाच्या टपरीवर.

मामू गेल्यावर वर्षभरानं मी त्याच हॉलमधल्या मीटिंगला गेले. काही मीटिंगा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, त्यांना क्लोज्ड म्हणतात. ओपन मीटिंगला कोणीही बसू शकतं. मी ओपनला गेले, मागच्या खुर्चीवर बसले, हातातला चहा गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला. चौदा माणसं होती. एक रिक्षावाले, एक निवृत्त बँकेतले, एक माझ्याच वयाचा मुलगा जो काहीच बोलला नाही. कोणी कोणाला उपदेश केला नाही. मला तेच सगळ्यांत विचित्र वाटलं, कारण पिणाऱ्या माणसासमोर कोणी उपदेश न करता बसलंय असं दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. जो तो आपलं सांगत होता. आज कसा गेला, काल हात कुठे वळला होता, कुणाला फोन केला.

त्या चौदांत दोघं आपल्यातले होते, आणि एकांना मी ओळखत होते. तेही मला. मीटिंग संपल्यावर बाहेर त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "बेटा, यहाँ का यहाँ." म्हणून मी त्यांच्याबद्दल काहीही सांगणार नाही. इतकंच, की ते नऊ वर्षं प्यालेले नाहीत आणि मोहल्ल्यात सगळ्यांना वाटतं की उमरा करून आल्यावर त्यांची सुटली.

म्हणजे बघा. माझ्या मामूंच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असा माणूस राहत होता ज्याला रस्ता माहीत होता. त्याला बोलता येत नव्हतं, आणि मामूंना विचारता येत नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी तोंड उघडलं असतं तर मुलीच्या रिश्त्यापर्यंत गोष्ट गेली असती. बोलायचं काम त्यांचं नाहीच. ते आपलं आहे, जे पीत नाही त्यांचं. आपल्याला गमवायला काय आहे?

तुम्ही तरुण आहात, म्हणून तुमच्याविषयीही दोन शब्द. आपल्यातल्या काहींनी एक पळवाट शोधली आहे: दारू हराम, पण गोळी तर औषध आहे. मालेगावात अल्प्राझोलमच्या गोळीला 'कुत्ता गोळी' म्हणतात. मराठवाड्यात 'बटन' चालतं. खोकल्याच्या बाटल्यांचं तर सांगायलाच नको. तोंडाला वास येत नाही, अम्मीला कळत नाही, आणि दिलाला समजावता येतं की मी शराब तर पीत नाही. नशा ती नशाच. त्यासाठी नार्कोटिक्स ॲनॉनिमस आहे, पद्धत तीच. आणि 'हे सगळं गोऱ्यांचं' असं वाटत असेल तर इराणकडे बघा. १९७९ नंतर तिथे कायद्यानंच मुसलमानांना दारू बंद आहे, आणि तरीही नार्कोटिक्स ॲनॉनिमसचा जगातला एक सगळ्यांत मोठा परिवार आज इराणमध्ये आहे. अमेरिकेतल्या मुसलमानांनी १९८९ साली बाल्टिमोरमध्ये 'मिल्लती इस्लामी' नावानं बारा पायऱ्यांना इस्लामी रूप दिलं. आपल्याकडेही तसं काही व्हावं का? व्हावं. पण ते होईपर्यंत कोणी थांबू नये. ज्या खोलीत आज संध्याकाळी खुर्ची रिकामी आहे, तिथे बसावं.

'आधीच आपल्याविषयी लोक काय काय बोलतात, त्यात हे कशाला?' हा प्रश्न मला घरातही विचारला गेला आणि हा मजकूर वाचूनही कोणी विचारेल. त्याची भीती मला समजते. पण ज्यांना आपल्याविषयी वाईट बोलायचंय ते आपल्या मीटिंगांची वाट बघत थांबलेले नाहीत. आणि इज्जत वाचवायची किंमत दर वेळी कोण मोजतं तेही पाहा. 'शादी करा दो, सुधर जाएगा' म्हणत पिणाऱ्या मुलाचं लग्न लावलं जातं. मुलीकडच्यांना सांगतात, मुलगा साधा आहे, जुम्मा चुकवत नाही. मग ती मुलगी वीस वर्षं सब्र करते. मामीला तर लोकांनी विचारलं होतं, तू घरात काय कमी केलंस? बायका, आया, मुलं यांच्यासाठी ॲल-ॲनॉन नावाचे वेगळे गट आहेत, १९५१ पासून. पुण्याच्या मुक्तांगणमध्येही, ज्याची सुरुवात १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी केली, घरच्यांना उपचाराचाच भाग मानतात. नवरा मीटिंगला गेला नाही तरी बायकोला जाता येतं. मामीला हे कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

शोधायचं कसं, तर अवघड नाही. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा. इंटरनेटवर एए आणि शहराचं नाव टाका, फोन नंबर मिळतो, आणि उचलणारा माणूस स्वतः एके काळी पिणारा असतो. आपल्या मोहल्ल्याजवळ जायला लाज वाटत असेल तर दुसऱ्या टोकाची मीटिंग धरा. ऑनलाइनही असतात. सातची वेळ मगरिबला आडवी येत असेल तर आधी सांगा, दहा मिनिटं बाहेर जाऊन नमाज पढून परत या. पहिल्या दिवशी कोणी बोलायला लावत नाही. एक मीटिंग आवडली नाही तर दुसरी बघा, गट माणसांचे असतात आणि माणसं सारखी नसतात. हे प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही, काहींना औषधं लागतात, काहींना दाखल व्हावं लागतं. पण २०२० साली कॉक्रेननं २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं तपासून पाहिली तेव्हा पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे नेणारे उपचार इतर उपचारांच्या तोडीचे, बऱ्याचदा सरस ठरले. आपल्या ताबिजाचा असा अभ्यास कोणी केलेला नाही.

आणि ज्याला जायचं आहे, त्याच्यासोबत जा. निदान फाटकापर्यंत. मामूंनी ती चिठ्ठी आठवडाभर खिशात ठेवली होती, त्या आठवड्यात एक मंगळवार आणि एक शनिवार येऊन गेला. मी सोबत चला म्हटलं असतं तर ते आले असते का, मला माहीत नाही.

रजबच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जणांनी आमच्या जमातीच्या विश्वस्तांना अर्ज दिला. मागण्या दोनच. मशिदीच्या नोटीस बोर्डावर, नमाजच्या वेळांच्या शेजारी, हेल्पलाइन आणि एएचा नंबर लावावा. आणि जमातखान्याची मागची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ मीटिंगसाठी भाड्यानं द्यावी, सगळ्यांसाठी, फक्त आपल्यांसाठी नाही. भाडं ते लोक स्वतः भरतात, फुकट घेतच नाहीत, हेही लिहिलं. अध्यक्षसाहेबांनी अर्ज उभ्याउभ्या वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "देखेंगे बेटा, रमजान के बाद."

शाबानच्या शेवटच्या जुम्म्याला आम्ही परत जाणार आहोत.